मे महिन्यात बसेल तोच हप्ता

गेल्या आठवड्यात कामावरच्या एका मुलीने विचारलं, "ताई, तीन कार्डांचं मिळून एकच पर्सनल लोन घेऊ का? हप्ता निम्मा होतोय म्हणतात." तिला दोन मिनिटांत उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. मी हा उद्योग दोनदा केलाय. पहिल्यांदा तोंडावर पडले.

आमचं घर नाशिकला. मी एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला आहे, हातात २१,८०० येतात. आमचे हे शाळेची व्हॅन चालवतात. डिझेल वगैरे जाऊन १४,००० सुटतात, पण वर्षातले दहा महिनेच. मेमध्ये शून्य, जूनमध्ये अर्धे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्च २०२०ला शाळा बंद झाल्या आणि व्हॅन दारात उभी राहिली. तेव्हापासून किराणा कार्डावर, औषधं कार्डावर. २०२१च्या नोव्हेंबरपर्यंत ७२,००० झाले. भावजींनी सांगितलं, कार्डाचं व्याज बेचाळीस टक्के, पर्सनल लोनचं अठरा, डोळे मिटून घ्या. हिशोब बरोबरच होता. तीन वर्षांचं कर्ज काढलं, कार्डं शून्य केली आणि त्या रात्री खरंच शांत झोपले.

कार्डं मात्र ठेवली. "अडीअडचणीला असू देत."

२०२४च्या दिवाळीनंतर त्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. पेढे आणायचा दिवस. त्या दिवशी दोन कार्डांवर मिळून १,३१,००० बाकी होती. आणि यात मौजमजा नव्हती हो. फ्रिजसुद्धा तोच जुना आहे. तरी "पगार बावीस आणि कार्डं कशाला वापरता" असं म्हणणारे भेटतातच. त्यांना एकदा मेमध्ये आमच्याकडे राहायला बोलवायचंय.

एका रविवारी मी तीन वर्षांची सगळी स्टेटमेंटं मोबाइलवर उघडली आणि पोराच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर महिन्यांप्रमाणे खर्च उतरवला. ऑगस्ट ते मार्च कार्डाला जवळजवळ हातच नाही. सगळं स्वाइपिंग एप्रिलअखेर ते जुलै. मेमध्ये किराणा आणि व्हॅनचं सुट्टीतलं काम (एकदा क्लचप्लेट, एकदा टायर), जूनमध्ये फी, दप्तर, गणवेश. दरवर्षी तेच. म्हणजे कोविडचं कर्ज लोनने फिटलं होतं, आणि मे महिन्याचं कर्ज दरवर्षी नव्याने उभं राहत होतं. कार्ड रिकामं करून मी त्याला जागा करून देत होते.

आता कार्ड कसं खातं ते बघा. आमचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. १,३१,०००वर ४,५८५. त्यावर १८ टक्के जीएसटी, ८२५. (साध्या बँक कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, कार्डाच्या व्याजावर लागतो. हे मला बिलिंगमध्ये बसूनही माहीत नव्हतं.) म्हणजे महिन्याला ५,४१० नुसते उडाले. किमान भरणा पाच टक्के, ६,५५०. तो भरल्यावर मुद्दल किती कमी झालं? १,१४०. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू.

याला वरून काही टोपण आहे का, तर तेही नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांवरचं कार्डाचं व्याज अनुचित ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. मी वही घेऊन बसले होते त्याच महिन्यात.

तेव्हा कर्ज एकत्र करणं चूक, असं मी म्हणणार नाही. पन्नासच्या घरात जाणारा दर सोडून अठरावर यायचं नाही तर काय करायचं? माझं भांडण वेगळं आहे. सगळे दर विचारतात, हप्ता कमी झाला की खूश होतात. कमी पगाराच्या घराने विचारायचं ते हे: वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात हा हप्ता बसतो का? आमच्या मेमध्ये भाडं, किराणा, दूध, गॅस, लाइटबिल, आईंची, म्हणजे सासूबाईंची, औषधं जाऊन माझ्या पगारातले ३,२०० उरतात. ही आमची खरी ऐपत, बाकी दहा महिन्यांची सरासरी कितीही गोड दिसू दे.

या ३,२००वर बँकेची ऑफर घासून बघितली. अठरा टक्के, तीन वर्षं, हप्ता ४,७३६. मेमध्ये बसत नाही, म्हणजे मेमध्ये पुन्हा कार्ड. पाच वर्षं केली तर ३,३२७. थोडं ओढून बसेल, पण व्याजच ६८,०००च्या पुढे. फोनवरचा मुलगा सारखा म्हणत होता, "मॅडम, तुमचा हप्ता निम्मा होतोय." अरे बाबा, निम्मा होतोय कारण तू तो पाच वर्षं ताणतोयस. त्याच्याकडे की फॅक्ट स्टेटमेंट मागितलं. ऑक्टोबर २०२४पासून बँकेला ते कर्ज घेणाऱ्याला द्यावंच लागतं, सगळे खर्च धरून वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी आधीच कापून घेणार होते, त्यामुळे तिथे आकडा अठराचा नव्हता, एकोणीसच्या वर होता. हा कागद मागितल्यावर फोनवरचा आवाज जरा बदलतो, मजा येते.

कार्डवाल्यांचं "बाकी रकमेचे ईएमआय करून घ्या" हेही बघितलं. दर कमी, पण व्याजावर जीएसटी तसाच, आणि कार्ड जिवंतच राहतं. सोडलं.

शेवटी आम्ही दोन तुकडे केले. ह्यांचं पिग्मी खातं (रोज थोडे थोडे भरायचं) ज्या पतसंस्थेत आहे तिथून ७५,००० घेतले, तेरा टक्के, तीन वर्षं, हप्ता २,५२७. सभासदत्वाच्या शेअर्सचे आणि फॉर्मचे कापून एकाहत्तर हजार आणि वर काही हातात आले. उरलेल्या ६०,०००साठी आईंनी कपाटातून पाटल्या काढून दिल्या. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "मी घालून कुठं मिरवणार आहे गं? पण आणून द्यायच्या, हे सांगून ठेवते." गोल्ड लोनच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, यावर याच्या दुप्पट मिळतील. मिळाले असते. सगळंच सोन्यावर का नाही केलं? कारण त्यात आमच्याकडून महिन्याला फक्त व्याज घेतात, मुद्दल तुमच्या मर्जीवर. माझ्या मर्जीवर माझाच विश्वास नाही. अर्धं कर्ज असं हवं होतं की हप्ता चुकला तर कुणाच्या तरी दारात मान खाली जाईल.

ते दार मामांचं. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. एक व्हॅनच्या स्टँडवरचे ह्यांचे मित्र, दुसरे माझे मामा. मी सगळा हिशोब वहीत नेला होता. मामांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"कार्डं कुठायत?"

दिली. त्यांनी मामींकडून कात्री मागवली आणि माझ्यासमोर दोन्ही कार्डं कापली. मग सही केली.

इथे एक सांगायला हवं. कार्ड कापल्याने खातं बंद होत नाही. सगळी बाकी भरून बंद करायची विनंती द्यावी लागते. त्यानंतर सात कामाच्या दिवसांत त्यांनी बंद केलं नाही, तर दिवसाला ५०० रुपये दंड त्यांनी तुम्हाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि भरताना स्टेटमेंटवरची रक्कम भरू नका, त्या दिवशीची पूर्ण बाकी विचारून भरा. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. मी स्टेटमेंट बघून भरले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बाकी दिसली तेव्हा घशाला कोरड पडली होती.

सेटलमेंटचंही एकाने सुचवलं होतं, निम्म्यात मिटवतो म्हणून. ज्यांचा मेच काय पण कुठलाच महिना जुळत नाही त्यांना कदाचित तेच करावं लागेल, मी नावं ठेवणार नाही. फक्त सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, ते खातं 'बंद' न दिसता 'सेटल्ड' दिसतं, आणि पुढचं कर्ज मागताना तो शब्द आडवा येतो. आणि वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. केला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फुकट आहे.

आता मेचं काय केलं ते. पिग्मीवाले काका दुपारी शाळेबाहेरच्या व्हॅनच्या रांगेत येतात. ह्यांच्याकडून रोज ५० रुपये नेतात, जून अर्धा सरल्यापासून एप्रिलपर्यंत. तेरा हजारांच्या आसपास जमतात. ते मे-जूनचेच, दुसऱ्या कशालाही नाहीत. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं, म्हणून त्याहून जास्त तिथे ठेवत नाही. सोन्याचं मुद्दल महिन्याला ३,००० भरते, मे आणि जून सोडून. ती सवलत ठरवून घेतलीय, आणि त्याची लाज वाटत नाही.

तर कामावरच्या त्या मुलीला मी एवढंच विचारलं, तुझा वाईट महिना कुठला? ती म्हणाली, असा काही नाही ताई. मी म्हटलं, स्टेटमेंटं काढ आणि वही आण. उद्या डबा खाताना बसणार आहोत.

सोन्यावरचे २१,००० राहिलेत. व्हॅनवर सध्या ताडपत्री आहे. काल आईंनी पुन्हा विचारलं, पाटल्या कधी? मी म्हटलं, जुलैपासून सात हप्ते, संक्रांतीला हातात. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, "अधिक महिना धरलास ना?"