‘पॅरलल भाषा म्हणजे कंपन्यांची दुकानदारी’ : या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. राजेंद्र नगर, सुदामा नगर, जिथे इंजिनिअरिंगची मुलं तिथे तो पोचला आहे. त्याचा गोषवारा असा : वैज्ञानिक गणनेसाठी संशोधन संस्था आणि कंपन्या मिळून पॅरलल प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसरांना वाटून देण्याच्या, ज्या भाषा बनवतात, त्या सगळ्या चार दिवसांत मरतात. पैसा जनतेचा जातो, फायदा कंपनीचा होतो. फोरट्रान आणि सी या जुन्या भाषा पुरेशा आहेत, बाकीचं कंपायलर (आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) बघून घेतो. भारताचा यात काही संबंध नाही. आणि आता कोड एआयच लिहितं, तेव्हा मुलांनी यात वर्षं घालवू नयेत.

मी याच शहरात हा विषय शिकवते. मजकूर वाचून पालक प्रोजेक्ट बदलायला सांगू लागले आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सगळ्या भाषा मरतात’

काही मेल्या, हे खरं आहे. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, २००२ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. त्यातून तीन भाषा आल्या : क्रे कंपनीची चॅपेल, आयबीएमची एक्स-टेन आणि सनची फोर्ट्रेस. फोर्ट्रेसचं काम २०१२ मध्ये थांबवलं गेलं. चॅपेल मात्र जिवंत आहे. तिच्या सुरुवातीच्या आराखड्यात क्रेच्या माणसांबरोबर कॅलटेकचे संशोधक होते, मार्च २०२४ मध्ये तिची २.० आवृत्ती आली, आणि मॉंट्रियलच्या पॉलिटेक्निकमध्ये विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचं गणित तिच्यात चालतं.

पण माझा खरा आक्षेप ‘मेल्या’ हे कशावरून ठरवलं, यावर आहे. १९९३ ची हाय परफॉर्मन्स फोरट्रान घ्या. बहुतेकांनी ती काही वर्षांतच सोडली. तरी २००२ मध्ये जपानच्या ‘अर्थ सिम्युलेटर’ या महासंगणकावर, याच भाषेत लिहिलेल्या अणुसंलयन संशोधनाच्या एका प्रोग्रॅमने १४.९ टेराफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ लाख कोटी गणितांचा, वेग गाठला आणि महासंगणकांवरच्या कामासाठीचं गॉर्डन बेल पारितोषिक मिळवलं. तिच्यातल्या काही रचना फोरट्रान ९५ मध्ये गेल्या. को-ॲरेची, म्हणजे अनेक प्रोसेसरांत वाटलेल्या आकड्यांच्या यादीची, कल्पना १९९८ मध्ये क्रेचे रॉबर्ट नम्रिच आणि ब्रिटनच्या रदरफोर्ड ॲपलटन प्रयोगशाळेचे जॉन रीड यांनी मिळून मांडली. आज ती फोरट्रान २००८ या अधिकृत मानकाचा भाग आहे. ज्या ‘जुन्या’ फोरट्रानचा दाखला मजकुरात दिला आहे, तिच्या अंगात ही सगळी भागीदारी मुरलेली आहे.

‘पैसा जनतेचा, फायदा कंपनीचा’

ही शंका रास्त आहे आणि ती विचारलीच पाहिजे. पण इतिहास उलट दिशेला बोट दाखवतो.

१९९० च्या आसपास प्रत्येक पॅरलल यंत्राची संदेश पाठवण्याची पद्धत वेगळी होती. इंटेलची एक, आयबीएमची दुसरी, अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेची तिसरी, तिथल्याच ओक रिज प्रयोगशाळेची चौथी. संस्थेने यंत्र बदललं की शास्त्रज्ञाने प्रोग्रॅम पुन्हा लिहायचा. १९९२ मध्ये प्रयोगशाळा, विद्यापीठं आणि कंपन्या एका टेबलाशी बसल्या, आणि १९९४ मध्ये संदेश पाठवण्याचं एमपीआय हे सामाईक मानक आलं. ही भाषा नव्हे, लायब्ररी (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार आज्ञांचा संच) आहे. पण भागीदारीचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. मानकाबरोबरच आरगॉन आणि मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने ते चालवून दाखवणारी एमपीआयसीएच फुकट उपलब्ध केली. म्हणूनच आमचा विद्यार्थी लॅपटॉपवर लिहितो तोच प्रोग्रॅम हजारो प्रोसेसरांच्या यंत्रावरही चालतो. यात कंपन्यांनी आपली मक्तेदारी सोडली आणि फायदा शास्त्रज्ञाच्या पदरात पडला.

आता याच्या शेजारी कुडा ठेवा, म्हणजे जीपीयू या ग्राफिक्स चिपवर गणनेचे प्रोग्रॅम लिहिण्याची व्यवस्था. २००७ मध्ये ते एनव्हिडियाने आणलं. त्याच्या मुळाशी स्टॅनफर्डमधलं ब्रूक या भाषेवरचं संशोधन आहे. कुडा उत्तम आहे, पण मालक एकच. त्यात लिहिलेलं दुसऱ्या कंपनीच्या जीपीयूवर न्यायचं तर मेहनत पडते. मजकूर लिहिणाऱ्याला ज्या गोष्टीची भीती वाटते ती इथे दिसते, आणि ती एकट्या मालकीमुळे आहे. यावरचा उपाय सर्वांनी मिळून ठरवलेलं खुलं मानक हाच आहे. तेव्हा कॉलेज कंपनीशी करार करत असेल तर पालकांनी जरूर विचारावं : कोड कोणत्या परवान्याखाली राहणार?

‘बाकीचं कंपायलर बघून घेतो’

मजकुरातलं हे सर्वांत चुकीचं वाक्य आहे, आणि सर्वांत सहज पटणारंही.

२००४ मध्ये इंटेलने आपला पुढचा वेगवान प्रोसेसर, तेजस, रद्द केला आणि एका चिपवर दोन कोर, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणारे दोन भाग, बसवण्याचा रस्ता धरला. चिप इतकी तापत होती की तिच्या अंतर्गत घड्याळाचा (सेकंदाला होणाऱ्या ठोक्यांचा) वेग आणखी वाढवणं परवडेना. तेव्हापासून वेग हवा असेल तर काम वाटावं लागतं. आणि काम वाटता येईल का, हे पुष्कळदा कंपायलरला कळूच शकत नाही.

समजा एका यादीत कणांचे क्रमांक आहेत आणि प्रत्येक कणाच्या खात्यात काहीतरी मिळवायचं आहे. यादीत तोच क्रमांक दोनदा आला तर दोन कोर एकाच वेळी त्याच खात्यात लिहितील आणि उत्तर बिघडेल. यादी प्रोग्रॅम चालताना तयार होते. क्रमांक दोनदा येणार नाही हे पदार्थविज्ञान जाणणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, कंपायलरला नाही. त्यामुळे खबरदारी म्हणून तो सगळं एकाच कोरवर चालवतो. फोरट्रानमधलं ‘डू कन्करंट’, ओपनएमपीच्या सूचना, चॅपेलमधलं ‘फोरऑल’, हे सगळं कशासाठी आहे? माणसाला ठाऊक असलेली गोष्ट यंत्राला सांगता यावी यासाठी.

दुसरी अडचण बेरजेची. संगणकावरच्या दशांश संख्यांना क्रम बदललेला चालत नाही. एकावर सोळा शून्यं असलेल्या संख्येत १ मिळवा आणि मग तीच संख्या वजा करा : नेहमीच्या ६४ बिटांच्या गणितात उत्तर ० येतं. आधी वजाबाकी करून मग १ मिळवा : उत्तर १. बेरीज आठ कोरांत वाटली की क्रम बदलतो. इतका फरक या गणनेत चालेल की नाही, हा निर्णय शास्त्रज्ञाचा आहे, आणि तो स्पष्ट लिहिता येईल अशी सोय भाषेत लागते. ती सोय कशी असावी हे नुसत्या कंपायलरवाल्याला कळत नाही आणि नुसत्या भौतिकशास्त्रज्ञालाही कळत नाही. दोघांना एकत्र बसावंच लागतं.

‘भारताचा संबंध नाही’

१९९१ चा परम ८००० हा महासंगणक आठवा. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने तो ट्रान्सप्युटर चिपांवर, म्हणजे एकमेकींना जोडून काम वाटता येणाऱ्या प्रोसेसरांवर, उभा केला. त्या चिपा ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या होत्या, आणि त्यांच्यासाठी घडवलेली ऑकम ही भाषा इनमॉसचे डेव्हिड मे यांनी ऑक्सफर्डच्या टोनी होअर यांच्या सिद्धांतावर बांधली. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर झालं. ते राबवण्याचं काम सी-डॅक आणि बंगळुरूची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) यांच्याकडे आलं. यंत्रं येतात, पण ती पूर्ण क्षमतेने वापरणारी माणसं लागतात. आणि इंदूरकरांनी तर हे म्हणूच नये. आपल्या कॅटमध्ये (आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात) इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवणारं वर्तुळाकार यंत्र आहे, सुमारे १७२ मीटर परिघाचं. अशा वर्तुळात लाखो फेऱ्या मारणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मार्ग काढण्याचं गणित मुळातच वाटून करण्याजोगं असतं.

‘आता एआय लिहितं’

एआयची चाकं ज्यावर फिरतात त्यातलं बरंच याच वाटेने आलं आहे. एलएलव्हीएम हा कंपायलरचा पाया २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात घातला गेला. पुढे ॲपलसारख्या कंपन्यांनी तो वाढवला. जीपीयूवरचे एआयचे प्रोग्रॅम लिहिण्याची ट्रायटन ही भाषा हार्वर्डमधल्या पीएचडीच्या कामातून निघाली आणि २०२१ मध्ये ओपनएआयने ती खुली केली. एआयने लिहिलेल्या कोडमध्येही दोन कोर एकाच खात्यात लिहू शकतात, आणि अशी चूक दहा वेळा चालवून एकदाच दिसते. ती कुठे शोधायची हे ज्याला शिकवलंय त्यालाच कळतं.

ज्या मुलांचा प्रोजेक्ट अडला आहे त्यांनी जीफोरट्रान (फोरट्रानचा कंपायलर), एमपीआयसीएच आणि चॅपेल उतरवून घ्यावं. तिन्ही फुकट आहेत आणि घरच्या चार कोरांच्या लॅपटॉपवर चालतात. पालकांना शेजारी बसवून एक मोठी दशांश बेरीज आधी एका कोरवर आणि मग चार कोरांवर करून दाखवावी, आणि दोन्ही उत्तरांचे शेवटचे आकडे ताडून पाहावेत.