दुकानातल्या पोराला आपल्यासमोरच का झापतात?

आज लेकीच्या शाळेचे बूट घ्यायला गेले होते. पुढच्या आठवड्यात शाळा सुरू, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. काळे बूट झाले, मग पीटीचे पांढरे कॅनव्हास हवे होते. जो मुलगा दाखवत होता त्याला मी आधीच सांगितलं, साधेच दाखव रे, वर्षभरात पाय वाढतो तिचा. तो माळ्यावर चढला, दोन खोकी काढून आणली, खाली गुडघ्यावर बसून तिच्या पायात बूट घातला, पुढून अंगठ्यानं दाबून बोट कुठपर्यंत येतंय ते बघितलं. मन लावून करत होता. तेवढ्यात गल्ल्यावरून मालक ओरडले, "ए, मॅडमना हे काय काढून आणलंस? कंपनीचे दाखव ना! अक्कल गहाण टाकून येतोस का घरून?"

मुलगा सोळा-सतराचा. दहावी झाली, अकरावीची यादी लागायची वाट बघतोय, असं त्यानं दोनच मिनिटांपूर्वी माझ्या लेकीला सांगितलं होतं. त्यानं मान वर केली नाही. अर्धी बांधलेली नाडी तशीच सोडून तो परत शिडीवर चढला.

मी म्हणाले, "अहो, मीच साधे मागितले होते." तर मालक हसून म्हणतात, "नाही हो मॅडम, यांना वळण लावावं लागतं." शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मान डोलावली.

घरी येऊन मी हे पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. लगेच एका बाबांचं उत्तर, "माझ्या पहिल्या बॉसनं मला रडवलं म्हणून आज मी इथे आहे. आजकालची मुलं नाजूक झालीत." त्यावर टाळ्या, अंगठे. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. इथे माझी माणसं आहेत, तुम्हाला कळेल, म्हणून इथे लिहितेय.

माझी पहिली नोकरी नगरच्या कापडबाजारातली. १९९८ साल. बारावीची परीक्षा दिली आणि निकाल लागेपर्यंत साड्यांच्या दुकानात लागले. महिना सहाशे रुपये. ऐन लग्नसराई होती. ज्यांना नगर माहीत आहे त्यांना सांगायला नको. पाथर्डी, पारनेर, श्रीगोंदा, नेवासा, सगळीकडून बस्ते यायचे. जीपमधून दोन्हीकडची माणसं उतरायची, नवरीकडची आणि नवऱ्याकडची, आणि गादीवर समोरासमोर बसायची. आम्ही मुली काउंटरच्या आत उभ्या. उलगडायचं, दाखवायचं, घडी घालायची, परत उलगडायचं.

शेठ गल्ल्यावर. त्यांचं सगळ्या दुकानावर लक्ष असायचं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असाच आवाज. मुलीनं काउंटरला टेकलं तरी हाक यायची, "काय गं, पाय दुखले का राणीसरकारांचे?" गिऱ्हाईक हसायचं. आम्ही सरळ उभ्या राहायचो.

एका बस्त्याची गोष्ट सांगते. ती सांगायलाच ही पोस्ट लिहितेय.

नवरीची खरेदी झाली होती, आता मानपानाच्या साड्या घ्यायच्या होत्या. नवरीचे वडील उठून माझ्या काउंटरजवळ आले. टोपी घातलेला, उन्हानं रापलेला माणूस. व्याह्यांकडे पाठ करून, हळू आवाजात म्हणाले, "ताई, सव्वाशेच्या आतलं दाखवा. चाळीस नग लागत्यात." मला! सतरा वर्षांच्या पोरीला त्या बापाच्या वयाच्या माणसानं ताई म्हटलं, दाखवा म्हटलं. माझं मन भरून आलं होतं. मी खालच्या फळीवरचा गठ्ठा काढला. साध्याच, पण रंग चांगले, अंगभर पदर असलेल्या. त्यांनी एकीचा काठ बोटांत धरून बघितला आणि मान हलवली, चालतील.

आणि शेठ गल्ल्यावरून कडाडले. "ए पोरी! पाव्हण्यांची इज्जत काढती का? लग्न कुणाचंय, माल कसला दाखवती! तुझ्या बापानं बस्ता बघितलाय का कधी?"

सगळी गादी वळून बघायला लागली. नवऱ्याकडच्या बायका, त्यांची मामी, आत्या, सगळ्या. शेठ उठून आले, माझ्या हातातला गठ्ठा बाजूला सारला, वरच्या फळीवरचा काढला, दोनशेदहावाला. "माफ करा पाव्हणं, नवी आहे, समजत न्हाई तिला. ह्या बघा, तुमच्याकडं शोभतील अशा."

त्या माणसानं एकदा व्याह्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "ह्याच द्या."

चाळीस नग. एकेका नगामागं पंच्याऐंशी रुपये. माझ्या पाच महिन्यांच्या पगाराहून जास्त पैसे त्या माणसाच्या खिशातून एका ओरडण्यात गेले.

मी मागे गोदामात जाऊन रडले. आमच्या काउंटरवर एक काका होते, त्या गादीवर केस पांढरे झालेले. ते घडीचा गठ्ठा घेऊन आत आले, माझ्याकडे न बघता कप्प्यात लावत म्हणाले, "रडू नको. शेठ तुला नाही बोलले. त्या पाव्हण्याला बोलले."

इतक्या वर्षांत मी हे वाक्य विसरलेली नाही. आज बुटांच्या दुकानात तेच झालं. त्या मुलाला वळण वगैरे काही लावायचं नव्हतं. मला ऐकवायचं होतं की बाई, तुम्ही स्वस्तातले बूट घेताय, तुमच्यासारख्यांनी कंपनीचे घ्यायला हवेत. थेट मला म्हणता येत नाही म्हणून त्या पोराच्या डोक्यावरून म्हटलं. ते पोर शिकाऊ, त्याला वाटणार आपलंच चुकलं. रात्री झोपताना तेच आठवणार. आणि आपण गिऱ्हाईक मान डोलावणार, वा, मालकाचं आपल्याकडे काय लक्ष आहे!

एकदा हे कळलं की सगळीकडे दिसायला लागतं. हॉटेलात पाणी उशिरा आलं की मालक टेबलापाशी येऊन पोऱ्याला शिव्या देतो. आपली बिलावर तक्रार होऊ नये म्हणून. सलूनमध्ये, गॅरेजमध्ये, मेडिकलमध्ये तेच. ज्याला उलट बोलता येत नाही असा तिथे एकच जण असतो, आणि तो नेमका सगळ्यांत लहान असतो.

दुकान चालवणं सोपं नसतं, मान्य. आमच्या शेठवर सुरतेच्या व्यापाऱ्यांची उधारी होती, तीही खरी. काही मुलं कामचुकार असतात, असतील. पण आज तो मुलगा कामचुकारपणा करत नव्हता, मीही केला नव्हता. आम्ही दोघांनी गिऱ्हाईकानं मागितलं ते दिलं. आम्ही बोलणी खाल्ली ती नेमकं बरोबर काम केल्याबद्दल.

आणखी एक. दुकानात साडेआठ वाजून गेले होते. आपल्या देशात चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी कायदा आहे, बालकामगारांचा १९८६ चा, २०१६ साली दुरुस्ती होऊन त्यात किशोरवयीन मुलं आली. त्यात लिहिलंय की तीन तास काम झालं की तासभर सुट्टी. सुट्टी धरून दिवसाचे सहा तास, त्याच्यावर नाही. संध्याकाळी सातनंतर सकाळी आठपर्यंत काम नाही. आठवड्याची सुट्टी. आता डोळे मिटून तुमच्या रोजच्या बाजारातलं एक दुकान आठवा आणि मला सांगा, हे कुठे पाळलेलं बघितलंय? मी तरी नाही. त्या मुलाचं वय साडेआठ वाजता त्या दुकानात कुणी विचारलं असेल? मीसुद्धा नाही विचारलं, कारण मला दिसतच होतं.

उभं राहण्याचं सांगते. पुरुषांना वाटतं त्यात काय एवढं. सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहून बघा. घरी गेल्यावर माझी आई पातेल्यात मिठाचं गरम पाणी करून ठेवायची, मी त्यात पाय सोडून ताट मांडीवर घेऊन जेवायचे. दुकानात मुलींसाठी संडास नव्हता. पलीकडच्या गल्लीत एका मुलीच्या मावशीचं घर होतं, तिथे दुपारी एकदा जायचो, म्हणून सकाळपासून पाणी पीत नसू. मे महिन्यात, नगरच्या उन्हात. आणि शेठच्या मते आमचे पाय नाजूक.

केरळात कोझिकोडच्या कापडदुकानातल्या बायका याच गोष्टींसाठी रस्त्यावर उतरल्या, बसायला मिळावं म्हणून आणि संडासाला जाता यावं म्हणून. २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला, दुकानात कामगाराला बसायची सोय द्यावीच लागेल असं झालं. तमिळनाडूनं २०२१ मध्ये केलं. बसायच्या हक्कासाठी कायदा करावा लागतो हे वाचून मला राग आला नव्हता, रडू आलं होतं. त्या बायकांना मी कधी भेटले नाही, पण त्यांच्या पोटऱ्या कशा दुखत असतील ते मला माहीत आहे.

तर ग्रुपवरच्या त्या बाबांना माझं इथूनच उत्तर. तुम्ही रडलात म्हणून इथे पोचलेला नाहीत. तुम्हाला कुणीतरी काम शिकवलं म्हणून पोचलात, आठवून बघा तो कोण होता. मला शेठनी काही शिकवलं नाही. साडीची घडी काठ काठावर बसवून कशी घालायची, सेमी पैठणी आणि खरी पैठणी पदराची उलटी बाजू बघून कशी ओळखायची, इरकलचा पदर कसा जोडलेला असतो, हे सगळं काकांनी शिकवलं. कधी आवाज न चढवता. मी उलटी घडी घातली की ते नुसते ती उलगडून परत माझ्यासमोर ठेवायचे. काकांचा पगार काय होता कुणास ठाऊक, त्यांना कुणी बॉस म्हटलं नाही. आज माझ्या ऑफिसात दोन मुली नव्या लागल्यात, त्यांना मी फाइल दाखवते तेव्हा माझ्यासमोर काकाच असतात.

आता पगाराचं, कारण हे महिनाअखेरीला कित्येक घरांत चालू असेल. सुरुवातीचे पंधरा दिवस शेठ कापून ठेवायचे. अनामत म्हणायचे, जाताना देऊ. निकाल लागला, कॉलेजची गडबड सुरू झाली, मी काम सोडलं आणि पैसे मागायला गेले. शेठ म्हणाले, सोमवारी ये. सोमवारी गेले तर म्हणाले, हिशोब व्हायचाय. मग म्हणाले, त्या दिवशी गिऱ्हाईक तुटता तुटता वाचलं, त्याचे कापावे लागतील. वडील म्हणाले, जाऊ दे, पहिली नोकरी आहे, तीनशे रुपयांसाठी बाजारात तोंड वाईट कशाला करायचं. वडील साधे होते, त्यांच्यावर माझा राग नाही.

आईनं मात्र पदर खोचला. मी म्हटलं, सकाळी लवकर जाऊ, दुकान रिकामं असतं. आई म्हणाली, "मुळीच नाही. गिऱ्हाईक भरलेलं असताना जायचं."

दुपारी बाराला गेलो. दोन बस्ते बसलेले. आई चप्पल काढून सरळ गादीच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "शेठ, नमस्कार. माझ्या मुलीनं तुमच्याकडं काम केलं, त्याचे तीनशे रुपये राहिलेत. ते न्यायला आलेय." शिवी नाही, चढा सूर नाही. सगळी गादी वळून बघायला लागली. शेठनी गल्ला उघडला, शंभराच्या तीन नोटा काढून पुढे केल्या. म्हणाले, "अहो वहिनी, आत यायचं ना, चहा घेतला असता." आईनं नोटा तिथेच मोजल्या, माझ्या हातात दिल्या आणि काकांना नमस्कार करून बाहेर पडली. काका गठ्ठा लावत होते. हसत होते का ते मला दिसलं नाही.

तेव्हा माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी तुमच्यासमोर असं कुणा पोराला झापलं तर गप्प बसू नका, हसू तर अजिबात नका. "मी सांगितलं तसंच त्यानं दाखवलं, मला हेच हवंय," एवढं म्हणा, मालकाला ऐकू जाईल असं, आणि तेच घ्या जे तुम्हाला घ्यायचं होतं. आणि तुमच्या घरातलं, शेजारचं, कामाला येणाऱ्या ताईंचं पोर या सुट्टीत कुठे कामाला गेलं असेल आणि पगार अडकवला असेल तर त्याला एकट्याला पाठवू नका. सोबत जा, आणि गर्दीच्या वेळी जा.

पुण्यात कुणाला सोबत हवी असेल तर मला मेसेज करा. शनिवार-रविवार मी मोकळी असते, मी येईन.