१००० च्या दगडावर तासभर घासूनही धार का येत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: धार लावण्यावरचा माझा लेख वाचून १०००/६००० चा जोडदगड (एका बाजूला १०००, दुसऱ्या बाजूला ६०००) घेतला, तासभर घासला, तरी सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरतेच. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातला काळा दगड परवडला, आणि ग्रिटचे (दगडाच्या कणांचे) आकडे म्हणजे नुसतं मार्केटिंग. काळ्या दगडाबद्दल तुमचं बरोबर आहे. आकड्यांबद्दल नाही.

आकड्यावरून कणाची जाडी कळते (आकडा मोठा तितका कण बारीक), पण मापं वेगवेगळी आहेत आणि घोळ तिथंच होतो. जपानी जेआयएस मापात १००० म्हणजे साधारण ११.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण. पॉलिश पेपरवर पी १००० छापलेलं असेल तर तो १८ मायक्रॉनच्या आसपास, आणि दगडावर युरोपीय एफ १००० असेल तर जेमतेम ४.५. काळा दगड कार्बोरंडमचा. त्याच्या बाजू बहुधा १२० आणि २४० च्या, म्हणजे बारीक बाजूसुद्धा ५० मायक्रॉनच्या घरात. तो तुमच्या १००० पेक्षा कितीतरी भराभर पोलाद काढतो, म्हणून तो ‘चालला’.

तुमचा तास वाया गेला तो इथंच. सुरी ट्यूबलाइटखाली धार वर करून धरा. कडेवर पांढरी चमकती रेघ दिसली तर तिथं धार उरलेलीच नाही, काठ गोल झालाय. दोन्ही बाजूंचे उतार पुन्हा एकमेकांना भिडेपर्यंत पोलाद काढावं लागतं, आणि ते काम ३०० ते ४०० च्या दगडाचं. खवले उडाले असतील (गुळाची ढेप सुरीनं फोडली किंवा सुकं खोबरं कापताना पातं पिरगाळलं की हमखास उडतात) तर २२० पासून सुरुवात करा. रेघ दिसत नाही, सुरी फक्त सालीवर अडखळते, एवढंच असेल तर थेट १००० घ्या. दगड निवडायचा तो कड कुठल्या अवस्थेत आहे हे बघून. खोक्यावर मोठा आकडा आहे म्हणून नव्हे.

काम झालं हे ओळखायची खूण एकच: बर. लेथवर काम करणाऱ्या कुठल्याही टर्नरला विचारा, तो बोटानं दाखवेल. एका बाजूनं घासत गेलात की विरुद्ध बाजूला धातूची बारीक, खरखरीत कोर उभी राहते. अंगठा पात्याच्या पाठीकडून कडेकडे सरकवला की ती अडते (कडेच्या लांबीनं बोट फिरवू नका, कापेल). मुठीपासून टोकापर्यंत सलग बर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही आणि पुढच्या दगडावर तर जायचंच नाही. ४०० वर, कोन बरोबर असेल, तर साध्या स्टेनलेस सुरीला ती बहुतेक दहा मिनिटांच्या आत येते.

येत नसेल तर कोन चुकतोय. मार्करनं कड काळी करा, चार-पाच हात मारा आणि बघा. शाई वरच्या खांद्याची (जिथं उतार सुरू होतो तिथली) गेली आणि कडेची राहिली असेल तर पातं फार आडवं धरलंय. ४० मिलिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण १२ मिलिमीटर उचलली की १८ अंश होतात; २० मिलिमीटरच्या छोट्या सुरीला ६ पुरेत.

आता ६००० ची बाजू. टोमॅटो, मिरची, कच्चं मटण यांना किंचित दातेरी कड लागते, आणि ती १००० वरच मिळते. आपल्या घरातल्या सुऱ्यांचं पोलाद मऊ असतं. ६००० वर रगडत बसलात की दात गुळगुळीत होतात, आणि बर तुटण्याऐवजी इकडून तिकडे नुसती लवते. सुरी कागद कापते आणि टोमॅटोवर घसरते, ती यामुळे. ६००० वर दोन्ही बाजूंना आलटूनपालटून पाच-सहा हलके हात, बस. खरं तर त्याचं काम चामड्याच्या पट्टीवर जास्त चांगलं होतं: कोल्हापुरी चप्पल करणाऱ्यांकडून तळाच्या कातड्याचा तुकडा मागून आणा, गुळगुळीत बाजू वर ठेवून लाकडाला चिकटवा आणि पातं पाठीच्या दिशेनं ओढा. कड पुढे ढकललीत तर कातडं चिरेल.

काळा दगड टाकू नका. विळी आणि कोयत्याला तोच योग्य. सुरीलाही सुरुवातीला चालेल, मग १००० वर त्याचे ओरखडे जाईपर्यंत घासायचं. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर मात्र सुरी देऊ नका, हे माझं मत कायम आहे. पातळ कड क्षणात तापते. पोलादावर निळी झाक आली म्हणजे पारा ३०० अंशांच्या आसपास गेला, आणि कडेचं पाणी उतरलं, म्हणजे तिचा कडकपणा गेला. साध्या लोखंडी सुरीचं नुकसान यात सगळ्यात जास्त.

दगडाला मध्ये खळगा पडलाय असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण ती किरकोळ गोष्ट नाही. खळग्यात कोन दर हाताला बदलतो. दगडावर पेन्सिलीनं चौकटी काढा, सपाट काचेवर २२० चा वॉटर पेपर ओला करून पसरा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासा. नंतर नळाखाली नीट धुवा, नाहीतर पेपरचा सुटा जाड कण ६००० वर ओरखडे पाडेल.

पावाच्या दातेरी सुरीला यातलं काहीही लागू नाही. सपाट दगडावर तिचे दात झिजतात. तिला गोल कानस-दांडा घ्या आणि एकेक खाच फक्त उताराच्या बाजूनं घासा.