‘र’ कुठं गेला ओ? (सरांच्या कमेंटला उत्तर, जरा लांबलंय)

सर, नमस्कार. कमेंट परवाच वाचली होती, पण मार्चएंडचं काम चालू होतं आणि दोन ओळीत उत्तर देऊन सोडून द्यावं अशी ती कमेंट नव्हती, म्हणून थांबलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी कामावर सापडलेल्या कोडमधल्या गमतीजमती लिहिल्या होत्या, त्यावर सरांनी चांगलंच झापलंय. म्हणणं असं, की दुसऱ्याच्या चुका चव्हाट्यावर मांडून खिदळणं म्हणजे नवीन पोरांना खच्ची करणं, चूक दिसली की गुपचूप दुरुस्त करावी आणि पुढं जावं, आणि एवढीच हौस असेल तर आधी स्वतःच्या सांगाव्यात. शिवाय ‘बग’ (प्रोग्राममधली चूक) या शब्दामागच्या पतंगाची, म्हणजे किड्याची, माहिती अर्धवट आहे, आणि गड्ड्याच्या (संक्रांतीच्या वेळच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) कोडवर सोलापुरात बसलेल्या माणसानं हसावं याचं नवल वाटतं.

स्वतःच्या सांगा म्हणालात ना, घ्या मग.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. टॉवेल-चादरीच्या एका व्यापाऱ्यासाठी मराठीत बिलं छापणारं सॉफ्टवेअर करत होतो. गावाच्या रकान्याला बिलावर जागा कमी, म्हणून मी पीएचपीमध्ये (ही एक प्रोग्रामिंगची भाषा) गावाचं नाव वीसवर कापलं. वीस अक्षरात कुठलंही गाव बसतं, मंगळवेढासुद्धा बसतं, असा हिशोब. टेस्टिंग भरपूर केलं हो, पण मी बार्शीचा, त्यामुळे प्रत्येक टेस्ट बिलावर गाव काय तर बार्शी. एकदम झक्कास छापून यायचं. इन्स्टॉल केलं, पहिलं खरं बिल निघालं आणि शेठनी काउंटरवरून हाक मारली, "काय ओ, आमच्या गावाचा र कुठं गेला?" बघतो तर ‘सोलापू’ आणि त्याच्यापुढं काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.

झालं होतं असं, की पीएचपीचं ते मजकूर कापणारं साधं सबस्ट्र फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाईट (कॉम्प्युटरच्या साठवणीचं माप) मोजतं. युटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरात अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागतात, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना, मात्रा, उकार, हलंत सगळं वेगवेगळं मोजायचं. बार्शी म्हणजे ब, काना, र, हलंत, श, वेलांटी, अशी सहा चिन्हं, १८ बाईट, आरामात बसली. सोलापूर म्हणजे सात चिन्हं, २१ बाईट. एका बाईटनं गेलं! शेवटच्या र चे तीनपैकी दोनच बाईट आले, त्या दोन बाईटचं काय करायचं हे ब्राउझरला कळेना म्हणून त्यानं तिथं प्रश्नचिन्ह ठेवलं. अक्कलकोटवाल्यांचं तर ‘अक्कलक’ झालं होतं. दुरुस्ती काय, फंक्शनच्या नावाच्या आधी एमबी लावायचं, झालं, मग ते चिन्हं मोजतं. सोलापुरात बसून सोलापूर हे नाव एकदाही टाकून न बघणारा प्रोग्रामर मी, आता हसा.

ही चूक मी तुमच्या सल्ल्याप्रमाणे खरंच गुपचूप दुरुस्त केली होती सर, कुणाला पत्ता लागू दिला नाही. नंतर सहा-आठ महिन्यांनी शेजारच्याच टेबलावरच्या पोरानं दुसऱ्या एका कामात ‘पंढरपू’ छापलं. तो दिवसभर फॉन्ट बदलत बसला होता, प्रिंटरला शिव्या घालत होता, आणि मी मागं वळून बघितलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी आधीच चहाच्या टपरीवर माझी फजिती सांगून मोकळा झालो असतो तर त्याचा तो दिवस गेला नसता. त्या दिवसानंतर मात्र आमच्याकडं ‘सोलापू झालं’ हा शब्दच पडलाय, नवीन पोरगं जॉइन झालं की पहिल्या आठवड्यात कोणीतरी त्याला ती गोष्ट हसत हसत सांगतं, आणि खरं सांगतो, ती चूक परत कोणाच्या हातून झालेली नाही. ट्रेनिंगमध्ये मी युनिकोडवर दीड तास बोलतो त्यातलं कोणाच्या लक्षात राहत नाही ते राहू द्या.

एक्सेलचंही तसंच. सूतवाल्यांना माहितीय, २/२० म्हणजे वीस काउंटचं दुपदरी सूत (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप). आमच्या एका ग्राहकाच्या मुनीमानं शंभरेक ओळींचा स्टॉक एक्सेलमध्ये भरला, कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन, त्यामुळे २/२० चं झालं २० फेब्रुवारी आणि २/१० चं १० फेब्रुवारी. मुनीम हुशार, त्यांनी फॉरमॅट बदलून टेक्स्ट केला, तर तिथं दिसायला लागलं ४५३४२. कारण एक्सेल तारीख आकड्यातच ठेवतं, १९०० सालापासूनचे दिवस मोजून, आणि तुम्ही २/२० टाइप केलं होतं हे ते केव्हाच विसरलेलं असतं. ४५३४२ काउंटचं सूत अजून तरी सोलापुरात कोणी काढलेलं नाही! मुनीमांची चूक आहे का ही? ते बिचारे स्वतःलाच दोष देत होते. मी त्यांना सांगितलं की ओ मामा, मोठमोठे शास्त्रज्ञ यात फसलेत, माणसाच्या काही जनुकांची छोटी नावं मार्च १, सेप्ट २ अशी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. मामा इतके हसले की चहा मागवला. आणि तो मोजलेला आकडासुद्धा एका दिवसानं फुगलेला आहे हे त्यांना सांगायचं राहिलं, कारण एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस धरून चालतं, जो उगवलाच नव्हता (शतकाच्या वर्षाला चारशेनं भाग गेला तरच ते लीप वर्ष, १९०० ला जात नाही). ती चूक मूळची लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या सॉफ्टवेअरची, जुन्या फाइली बिघडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टनं जाणूनबुजून तशीच ठेवली.

पतंगाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. कॉम्प्युटरात किडा सापडला म्हणून ‘बग’ शब्द आला असं मी ठोकून दिलं होतं, ते चूक. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेत (विजेच्या स्विचमध्ये) पतंग सापडला आणि तो वहीत चिकटवला हे खरं, पण एडिसननं १८७८ च्या पत्रातच यंत्रातल्या बारीक दोषांना बग म्हटलंय. आणि तो ग्रेस हॉपरबाईंना (सुरुवातीच्या काळातल्या नामवंत प्रोग्रामर) सापडला असंही मी लिहिलं होतं, त्यांनी ती गोष्ट सगळीकडं सांगितली, सापडला दुसऱ्यांना. पोस्टमध्ये बदल केलाय. पण सर, त्या वहीत काय लिहिलंय बघा, ‘बग प्रत्यक्ष सापडल्याची पहिली घटना’. शब्द आधीपासून चालू होता म्हणूनच तर तो विनोद झाला ना? रात्रंदिवस मशीनशी झुंजणाऱ्या लोकांनी मेलेला किडा सेलोटेप लावून रजिस्टरला का चिकटवला असेल, दुसऱ्यांनी बघून हसावं म्हणूनच की.

तुम्ही विचारलंय, थेरॅक-२५ वर पण हसणार का. नाही. १९८५ ते ८७ मध्ये कॅन्सरवर उपचार करणाऱ्या त्या मशीननं सॉफ्टवेअरच्या चुकांमुळं पेशंटना भलताच जास्त रेडिएशनचा डोस दिला, माणसं गेली, तिथं हसण्यासारखं काही नाही आणि मी कधी तसं लिहिलेलंही नाही. पण तिथंही एका हॉस्पिटलात काय झालं ते दुसऱ्या हॉस्पिटलला वेळेवर कळलं नव्हतं, हे पण तुम्हाला माहिती असेलच.

आता जिथं मी खरंच माती खाल्ली तिथं येतो. मागच्या पोस्टमधल्या एका पोराच्या कोडमधली नावं, ‘बाकी’, ‘बाकी२’, ‘बाकी_फायनल’, ‘बाकी_फायनल_खरी’. तुम्ही लिहिलंत की मराठी मीडियमचा पोरगा मराठीत विचार करतो यात हसण्यासारखं काय. मी हसलो होतो ‘फायनल_खरी’ला, पण पोस्ट परत वाचली तर सूर तसा नाहीये, मराठी नावालाच हसल्यासारखं वाटतंय. आणि गंमत म्हणजे त्याच सॉफ्टवेअरमध्ये नंतर मी ‘बॅलन्स’ असं इंग्रजी नाव दिलं आणि मलाच कळेना की ते येणं आहे का देणं, अधिक-उणे उलटं लागलं. त्याच्या कोडमधली ‘येणं’ आणि ‘देणं’ ही नावं बरी होती. तो मुद्दा काढून टाकलाय आणि त्याला फोन पण केला. तो म्हणाला, "काय बे, मी तर वाचलंच नाही ते."

राहिला गड्डा. नवीन वाचकांसाठी, वसुलीच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मला एकाखाली एक सात ओळी सापडल्या होत्या, प्रत्येकीत एकेका वर्षाच्या जानेवारीतले चार दिवस, त्या दिवसांचं व्याज शून्य, आणि वर कमेंट ‘शेठनी सांगितलंय, विचारू नका’. आठव्या वर्षी ओळ टाकायची राहिली, चार दिवसांचं व्याज लागलं, आणि फोनवर फोन. सिद्धेश्वरच्या यात्रेत सगळं गाव होम मैदानावर असताना पैसे भरायला कोण येणार, हे मलाही कळतं सर, मी त्या सुट्टीला हसलो नव्हतो. माझं हसू दर वर्षी नवीन ओळ कॉपी-पेस्ट करण्याला होतं, मला वाटलं महिना आणि दिवस लिहिला की कायमचं काम झालं असतं. तुम्ही एका वाक्यात गप्प केलंत, संक्रांत कधी चौदाला असते कधी पंधराला, तुमचं कायमचं कोड किती दिवस टिकलं असतं. शेठ म्हणे दर वर्षी कॅलेंडर बघून चार दिवस सांगायचे. म्हणजे ज्यानं लिहिलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

परवा मी स्वतः शेठना फोन करून तारखा विचारल्या आणि पुढच्या वर्षाची ओळ कॉपी-पेस्ट केली. वरची कमेंट तेवढी बदललीय, ‘गड्डा. तारखा शेठना डिसेंबरात विचारणे. शहाणपणा करू नये.’