ग्लोबल रेफरन्स हा सगळ्यावरचा उपाय नव्हे

अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये जेएनआय या दुव्याने कोटलिन आणि सी++ जोडताना अ‍ॅप क्रॅश झालं तर सरसकट ग्लोबल रेफरन्स (आपण सोडेपर्यंत टिकणारा ऑब्जेक्टचा संदर्भ) घ्या, असं या विषयावरच्या लेखात म्हटलंय. हे अर्धंच बरोबर आहे. नेटिव्ह मेथड (कोटलिनने बोलावलेलं सी++ फंक्शन) संपली की लोकल रेफरन्स, म्हणजे त्या कॉलपुरता मिळालेला संदर्भ, बाद होतो. तो स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला की पुढच्या कॉलला घात ठरलेला. तिथे ग्लोबल रेफरन्स बनवणारं न्यूग्लोबलरेफ हवंच. पण खरी डोकेदुखी पुढे आहे. सी++ मध्ये सुरू केलेल्या थ्रेडवरून फाइंडक्लासने (नावावरून क्लास शोधणारं जेएनआय फंक्शन) आपल्याच अ‍ॅपचा क्लास मागितला की हाती काही लागत नाही. नाव बरोबर, क्लास एपीकेमध्ये हजर, मेन थ्रेडवर तोच कोड सुरळीत चालतो! अशा थ्रेडवर सिस्टिमचा क्लासलोडर (क्लास शोधून आणणारा भाग) वापरला जातो आणि त्याला अ‍ॅपचे क्लास माहीतच नसतात. म्हणून सी++ लायब्ररी लोड होताना चालणाऱ्या जेएनआय_ऑनलोडमध्येच क्लास शोधून त्याचा ग्लोबल रेफरन्स ठेवावा. नवशिक्यांचे दिवसच्या दिवस यात जातात, कृपया लेखात हे घालाच.

फक्त रिलीज बिल्ड पडत असेल तर आधी आर८ चे, म्हणजे न वापरलेला कोड काढणाऱ्या साधनाचे, कीप नियम (काय काढू नये ते सांगणारे) बघा. केवळ सी++ मधून बोलावलेली मेथड त्याला बिनकामाची वाटते आणि तो ती उडवतो. मोठ्या लूपमध्ये लोकल रेफरन्स सोडणारं डिलीटलोकलरेफही हवं; अँड्रॉइड ८.० च्या आधीच्या फोनवर लोकल रेफरन्सच्या संख्येला मर्यादा आहे.