माझदा 787बी जिंकली म्हणून तिच्यावर बंदी आली, ही गोष्ट खोटी आहे

दर जूनमध्ये फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची मोटार शर्यत जवळ आली की नारंगी-हिरव्या चौकड्यांची, 55 नंबरची जपानी माझदा फोनवर फिरायला लागते. खाली ठरलेला मजकूर: "ही गाडी इतकी भारी होती की एकदा जिंकली आणि युरोपवाल्यांनी घाबरून रोटरी इंजिनावर बंदीच घातली." काल पुन्हा तीनदा आली. मला ही गाडी जिवापाड आवडते आणि म्हणूनच हे वाक्य आता सहन होत नाही.

बंदीचा निर्णय आधीच झाला होता. साडेतीन लिटरची, टर्बो नसलेली पिस्टन इंजिनंच या स्पर्धेत राहतील, हे नियामक संस्थेने काही वर्षांपूर्वीच ठरवलं होतं आणि 1991 पासून रोटरी बाहेर जाणार होती. पण नव्या नियमाच्या गाड्या पुरेशा तयारच झाल्या नाहीत. मैदान भरायचं म्हणून जुन्या गाड्यांना 1991 चं एक वर्ष वाढवून मिळालं. सुरुवातीच्या रांगेतल्या पहिल्या दहा जागा मात्र नव्या गाड्यांसाठी राखीव. वेळेनुसार बारावी आलेली 55 नंबरची माझदा त्यामुळे एकोणिसाव्या जागेवरून सुटली.

म्हणजे माझदाच्या हिरोशिमातल्या त्या माणसांना पक्कं माहीत होतं की हा शेवटचा डाव आहे. 1973 मध्ये माझदाचं रोटरी इंजिन बसवलेली सिग्मा ल मांला उतरली, तेव्हापासूनची खटपट. आदल्याच वर्षी, 1990 मध्ये, दोन्ही नव्या 787 अर्ध्यातून बाहेर पडलेल्या. हातात उरलेलं एक वर्ष. मला खरी गोष्ट इथे दिसते आणि ती बंदीच्या कहाणीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

रोटरी इंजिन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. यात पिस्टन वरखाली होत नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोल घरात गरागरा फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे सील, भिंतीला घासत राहतात. सगळं दुखणं त्या सीलमध्ये. साठच्या दशकात माझदाचे केनिची यामामोतो आणि त्यांच्या सत्तेचाळीस इंजिनिअरांना रोटरच्या घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडे दिसायचे. त्यांनी त्याला नाव दिलं होतं 'सैतानाच्या नखांचे व्रण'. ते घालवून 1967 ला माझदाची रोटरी गाडी कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. 787बीमध्ये असे चार रोटर एका रांगेत. प्रत्येकाला तीन स्पार्क प्लग, टोकांना सिरॅमिकचे सील आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे लांबी बदलणाऱ्या हवेच्या नळ्या. साधारण 700 अश्वशक्ती, 9000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 9000 फेऱ्यांना. याहून जास्त ताकद निघत होती, पण टिकाऊपणासाठी ती मुद्दाम आवरून धरली होती. ज्याने आयुष्यात एकदा तरी इंजिन उघडलंय त्याला या आवरण्याची किंमत कळेल.

आता वजनाचा मुद्दा, कारण कमेंटमध्ये तो येणारच. जग्वार, मर्सिडीज यांना किमान 1000 किलो वजनाची अट होती आणि माझदाला 830 किलोत उतरता आलं. ही सवलत माझदाच्या शर्यत विभागाच्या, माझदास्पीडच्या, ताकायोशी ओहाशींनी नियामकांकडे पाठपुरावा करून मिळवली. काहीजण म्हणतात, मग विजय कसला? मला हे पटत नाही. नियम सगळ्यांसमोर होता आणि 170 किलोंच्या फरकाने इंजिन चोवीस तास जिवंत राहत नाही. त्या वर्षी माझदाच्या तीन गाड्या उतरल्या आणि तिन्ही शेवटपर्यंत धावल्या. पहिली, सहावी, आठवी. योगायोगाने असं होत नाही.

इंधनही मोजून मिळायचं: पूर्ण शर्यतीला 2550 लिटर. हलकी गाडी, आवरलेलं इंजिन, त्यामुळे बाकीचे लिटरचा हिशेब करत असताना माझदाच्या ड्रायव्हरांना पाय दाबून ठेवता येत होता. सल्लागार होते सहा वेळा ल मां जिंकलेले जॅकी इक्स. रविवारी दुपारी पुढे असलेली मर्सिडीज सी11 तापून पिटमध्ये आली. तिचं शर्यतीतलं आयुष्य तिथेच संपलं आणि 55 नंबर पुढे गेली. शेवटचे तीन तास.

55 नंबरच्या तीन ड्रायव्हरांपैकी जॉनी हर्बर्टने शेवटी गाडीतून उतरायचं होतं, पण लागलेली लय मोडू नये म्हणून त्यालाच आत ठेवलं. 1988 मध्ये ब्रँड्स हॅचच्या अपघातात याच माणसाच्या दोन्ही पावलांचा चुराडा झाला होता. 362 लॅप, 4922 किलोमीटर, दुसऱ्या आलेल्या जग्वारपेक्षा दोन लॅप पुढे. गाडी थांबली आणि पाणी कमी पडून तो कोसळला. त्याला उपचारांसाठी नेलं. विजेत्यांच्या मंचावर वरच्या पायरीवर त्याच्याशिवाय त्याचे जोडीदार फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो उभे राहिले. ते फुटेज मी कितीदा पाहिलंय, मोजलेलं नाही. दर वेळी त्या पायरीवरची रिकामी जागा बघून घशात आवंढा येतो.

जपानी कंपनीचा ल मांमधला तो पहिला विजय. पुढचा यायला 2018 उजाडलं, टोयोटाच्या रूपाने. वाइडलरला कानात सतत आवाज घुमण्याचा त्रास जडला आणि 1992 मध्येच त्याने रेसिंग सोडलं. या गाडीचा तो किंकाळीसारखा आवाज हेडफोन लावून ऐकताना मला दर वेळी वाइडलर आठवतो.

एक गोष्ट राहिली. शर्यतीनंतर माझदाने ते इंजिन लोकांसमोर उघडलं. आतले भाग चांगल्या स्थितीत होते, अजून धावण्याजोगे. सीलसकट.