‘गोव्यात बसून घोडे’ या प्रतिक्रियेला उत्तर

खालच्या वर्गातल्या, म्हणजे कमी रेटिंगच्या घोड्यांच्या शर्यतींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “चौथ्या-पाचव्या वर्गातल्या घोड्यांना आकडेमोड लावणं हा पोरखेळ आहे. ते घोडे ट्रेनरच्या मर्जीने धावतात. आणि ज्या गोव्यात रेसकोर्सच नाही, तिथे बसून हे शहाणपण कोणाला शिकवता?”

आधी माझी चूक. रेटिंगचा, म्हणजे क्लब घोड्याला देतो त्या गुणांपैकी, एक गुण म्हणजे पाठीवर एक किलो वजन, असं माझ्या हातून लिहिलं गेलं. आपल्याकडे तो अर्धा किलो. तुम्ही दाखवलंत, मी दुरुस्त केलं. आभार.

आता गोवा. इथे रेसकोर्स नाही, खरंच आहे. पण फोंड्यात राहतो म्हणजे मी घोडा पाहिलाच नाही, हे कशावरून ठरवलंत? गिरगावातल्या चाळीत १४ वर्षं काढली आहेत मी. हिवाळ्यातला रविवार महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जायचा. चवथीला गावी यायचो तेव्हा पुण्याच्या शर्यतींचा मोसम चालू असायचा, आणि पूजेच्या सामानाबरोबर पिशवीत माझी वही असायची. लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची. एका घोड्याला एक पान: अंतर, वेळ, पाठीवरचं वजन, आणि समासात ‘वळणावर अडकला’ असं काही. अशा ११ वह्या आहेत. पावसात त्यांना बुरशी धरते, म्हणून दर ऑक्टोबरला अंगणात उन्हात घालतो. या माणसाला तुम्ही गाव विचारता? हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकाने गणित मांडून अफाट पैसा मिळवणारा बिल बेंटर तबेल्यातून आला नव्हता, लास व्हेगासला पत्ते मोजून ब्लॅकजॅक खेळायचा. त्याचं गणित बरोबर की चूक, एवढंच बघतात लोक.

आणि ‘पोरखेळ’? लेख नीट वाचला असतात तर हा शब्द वापरला नसतात. क्लबचा हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांची वजनं ठरवणारा अधिकारी, रेटिंग देतो ते वजन ठरवायला. ४० वाल्याच्या पाठीवर ३० वाल्यापेक्षा ५ किलो जास्त, म्हणजे कागदावर सगळे सारखे. त्याच आकड्यावरून विजेता शोधणारा फसणारच. मी माझा आकडा घोड्याला धावायला लागलेल्या वेळेवरून काढतो, तोही त्याच दिवशीच्या बाकीच्या शर्यतींशी ताडून, कारण भिजलेल्या ट्रॅकवर सगळेच सावकाश धावतात. खालच्या वर्गातले घोडे बेभरवशाचे, हे मलाही कळतं. म्हणूनच सरासरी न काढता शेवटच्या चार धावांतली सर्वांत चांगली धरतो. हरत हरत तिसऱ्या वर्गातून चौथ्यात उतरलेल्या घोड्यावर तिथलं सर्वांत जास्त वजन येतं. ते वजन बघून लोक त्याला सोडून देतात. मी आधी त्याचं पान उघडतो. समासात ‘अडकला’ दोनदा लिहिलेलं असेल, तर त्या दोन धावा मी हिशेबात धरतच नाही. दर वेळी जिंकतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

ट्रेनरच्या मर्जीचं म्हणाल, तर एखादी शर्यत, तारीख सांगा, मग बोलू. मोघम आरोपाला उत्तर देण्यात मी वेळ घालवणार नाही.

मतभेद खुशाल लिहा, इथे प्रत्येक प्रतिक्रिया छापली जाते. पण ‘पोरखेळ’ हा शब्द तेवढा मागे घ्या.